वाटणी सोपी, विहीर सामायिक

शेताची वाटणी तशी उरकते. मोजणी होते, खुणा रोवल्या जातात, सातबाऱ्यावर नावं चढतात. पुढची पंचवीस वर्षं भांडण चालतं ते सामायिक विहिरीवरून. पाळी कुणाची, मोटर कुणाची, रात्री व्हॉल्व्ह उघडा कुणी टाकला. एका कॉम्प्युटरवर दोन-तीन ऑपरेटिंग सिस्टिम बसवायच्या म्हटलं की लोक नेमके वाटणीला घाबरतात. 'पार्टिशन' शब्द ऐकूनच पोटात गोळा येतो. तो भाग आता बराच निर्धोक झालाय. पुढे वर्षानुवर्षं कटकट होते ती सामायिक जागांची: बूटचं (मशीन सुरू होताना लागणारं) चिमुकलं पार्टिशन, मदरबोर्डमधली बूटची यादी, घड्याळ, ब्लूटूथ, आणि सगळ्यांनी मिळून वापरायचा डेटा.

बोलायला एक नमुना घेऊ. ५१२ जीबी एसएसडीचा लॅपटॉप, त्यात विंडोज ११ आलेलंच आहे. रोजच्या कामाला लिनक्स मिंट हवं, आणि नवं काय चाललंय ते बघायला फेडोरा, तेही लिनक्सच.

पूर्वी एमबीआर पद्धतीत डिस्कचा सातबारा फक्त ६४ बाइटचा असायचा. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत ४४६ बाइट बूटचा कोड, ६४ बाइटांत वाटणीची नोंद, आणि शेवटी २ बाइटांची खूण. एका नोंदीला १६ बाइट, म्हणून खातेदार चारच. पाचवा हवा असेल तर एकाच्या पोटात पोटहिस्सा पाडायचा. शिवाय त्या ४४६ बाइटांत एकालाच बसता यायचं. नंतर आलेला आधीच्याला पुसून टाकायचा, म्हणून 'विंडोज टाकलं आणि लिनक्स गायब झालं' हे तेव्हाचं नेहमीचं रडगाणं होतं. आताच्या जीपीटीत नोंदी सहसा १२८ असतात, आणि सातबाऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. बूटसाठी ईएसपी नावाचं फॅट३२ पार्टिशन असतं, त्यात प्रत्येक सिस्टिमचं वेगळं फोल्डर. विंडोजचं 'मायक्रोसॉफ्ट', फेडोराचं 'फेडोरा', डेबियनचं 'डेबियन'. कुणी कुणाला पुसायचं कारण नाही.

मिंटचं फोल्डर मात्र 'मिंट' नावाचं नसतं, 'उबुंटू' नावाचं असतं. मिंट उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि बूटचं नाव त्याने बदललेलं नाही. म्हणजे उबुंटू आणि मिंट एकाच डिस्कवर ठेवले, तर दोघं एकाच फोल्डरात येतात आणि नंतरचा आधीच्यावर लिहितो. त्या फोल्डरात ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, तीन ओळींची एक छोटी फाइल असते. पहिली ओळ म्हणते अमुक यूयूआयडीचं (ओळखक्रमांकाचं) पार्टिशन शोध, दुसरी म्हणते त्यातलं बूट-ग्रब फोल्डर धर, तिसरी म्हणते खरी मोठी फाइल तिथे आहे, ती वाच. उबुंटू की मिंट, हा सगळा फैसला पहिल्या ओळीतल्या त्या यूयूआयडीवर. फोल्डरचं नाव बदलून पळवाट काढता येईल असं वाटतं, पण सिक्युअर बूट (सही असलेलेच बूट-प्रोग्राम चालू देणारी सोय) चालू असताना वापरला जाणारा सही केलेला ग्रब 'उबुंटू' याच फोल्डरात बघायला शिकलेला असतो. म्हणून दुसरं लिनक्स निवडताना वेगळ्या घराण्यातलं निवडावं. आपल्या नमुन्यात मिंटसोबत फेडोरा आहे तो याचसाठी.

आता वाटणी. ५१२ म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. त्यात विंडोजला २०० जीबी, मिंटला ७०, फेडोराला ५०, रिकव्हरी वगैरेला एखादा जीबी, आणि उरलेले साधारण १५५ सामायिक डेटाला. मिंटला जास्त दिलं कारण टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (सिस्टिमच्या मागच्या प्रती) त्याच जागेत साठत जातात. ४० जीबीत सुरुवात करणाऱ्याची डिस्क काही महिन्यांत भरते आणि एके दिवशी लॉगिनचा पडदाच पुढे सरकत नाही. स्वॅपसाठी, म्हणजे रॅम अपुरी पडली तर लागणाऱ्या जागेसाठी, वेगळं पार्टिशन आता कशाला? मिंट स्वॅप-फाइल वापरतं, फेडोरा २०२० पासून रॅममध्येच दाबून बसवलेला झेडरॅम वापरतं.

विंडोजची सी ड्राइव्ह लहान करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. बाहेरच्या टूलने नको. इथे बऱ्याच जणांना वाटेत एक कोडं भेटतं: ड्राइव्हमध्ये ३०० जीबी मोकळे दिसतात, पण 'श्रिंक' म्हटल्यावर १२ जीबीच निघतील म्हणून सांगितलं जातं. कारण मध्येच कुठेतरी न हलणाऱ्या फाइली बसलेल्या असतात. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोरच्या प्रती. तिन्ही तात्पुरत्या बंद करा, मशीन रीस्टार्ट करा, मग श्रिंक करा, आणि झाल्यावर पेजफाइल व रिस्टोर पुन्हा चालू करा. हायबरनेशन बंदच राहू द्या. ते का, ते पुढे येतंच.

लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर घाबरून जाऊ नका. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत स्टोरेजचा मोड आरएसटी ठेवलेला असतो, तो एएचसीआय करावा लागतो. पण बायॉसमध्ये (मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये) जाऊन सरळ बदललात तर विंडोज निळा पडदा दाखवून बसेल, कारण त्याने त्या मोडचा ड्रायव्हर सुरुवातीला लोडच केलेला नसतो. युक्ती जुनी आहे. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगायचं, रीस्टार्ट करून बायॉसमध्ये मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा विंडोज उघडू द्यायचं म्हणजे योग्य ड्रायव्हर बसतो, मग सेफ मोडची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट.

आणि या सगळ्याच्या आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन. नवीन विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. बूटच्या रचनेत काही बदललं की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. सहा-सहा अंकांचे आठ गट. ती की खात्यात शोधून कागदावर लिहून ठेवावी आणि काम होईपर्यंत बिटलॉकर सस्पेंड करावं. हा कागद त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फोटो काढून ठेवणारेही असतात!

ईएसपीकडे येऊ. विंडोज स्वतः ते बहुधा १०० एमबीचं करतं, लॅपटॉप कंपन्यांकडून आलेलं २६० एमबीचंही असतं. मिंट आणि फेडोरा त्यात फक्त शिम (ग्रबच्या आधी चालणारा सही केलेला छोटा प्रोग्राम) आणि ग्रब ठेवतात, ते काही एमबीतच भागतं. पण ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट वापरणारं एखादं डिस्ट्रो (लिनक्सचा अवतार) आलं की ते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि त्याच्यासोबत सुरुवातीला लागणारी इनिटरॅमएफएस फाइलसुद्धा ईएसपीतच ठेवतं, आणि दोन कर्नलांतच १०० एमबी संपतात. मग गंमत अशी की तक्रार येते विंडोजकडून. 'सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' एवढंच म्हणून त्याची मोठी अपडेट अडते. अशा वेळी विंडोजच्या बूट फोल्डरातले फॉन्ट काढून थोडी जागा करण्याचा उपाय खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेला आहे.

कोऱ्या डिस्कपासून सुरुवात करत असाल तर हे दुखणं मुळातच टाळता येतं. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते. डिस्कपार्ट चालवा, डिस्क निवडा, 'क्लीन', 'कन्व्हर्ट जीपीटी', मग १०२४ एमबीचं ईएफआय पार्टिशन तयार करून फॅट३२ ने फॉरमॅट करा आणि बाहेर या. इन्स्टॉलर ते आहे तसं वापरतो, बाकीची पार्टिशनं स्वतः करतो. क्लीनने डिस्कवरचं सगळं जातं, आणि पेनड्राइव्हही त्या यादीत एक डिस्क म्हणूनच दिसतो, तेव्हा आकडा बघून निवडा.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा घ्या. त्यावर व्हेंटॉय नावाचं टूल टाकलं की तिन्ही सिस्टिमच्या आयएसओ (इन्स्टॉलरच्या) फाइली नुसत्या कॉपी करायच्या, दर वेळी पुसून लिहायला नको. सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्यांदा व्हेंटॉयची की नोंदवावी लागते, निळ्या पडद्यावर.

क्रम सांगायला हवा: विंडोज आधी, लिनक्स नंतर. विंडोजला शेजारी असतात हे कधी मान्यच नाही, ते बूटच्या यादीत स्वतःला पहिलं बसवतं. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये 'शेजारी बसवा' हा पर्याय असतो, पण तीन सिस्टिम असतील तर हाताने वाटणी करण्याचा पर्यायच घ्यावा. तिथे ईएसपी दाखवताना त्याचा वापर 'ईएफआय' म्हणून निवडायचा आणि फॉरमॅटच्या चौकोनात टिक नाही ना हे दोनदा बघायचं. या कामातली सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ती टिक राहिली की विंडोजचं बूट फोल्डर पुसलं जातं आणि लोक समजतात विंडोज गेलं. ते गेलेलं नसतं, सी ड्राइव्ह जागच्या जागी असते. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, डिस्कपार्टने ईएसपीला एखादं अक्षर द्यायचं, समजा एस, आणि बीसीडीबूट या कमांडला सांगायचं की सी मधल्या विंडोजची बूटची सामग्री एस वर यूईएफआय (आताच्या फर्मवेअरच्या) पद्धतीने पुन्हा मांड. दहा मिनिटांचं काम. फक्त त्या पडद्यावर अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून सी म्हणजे खरंच सी आहे का ते आत डोकावून बघा.

मिंट आणि फेडोरा दोन्ही आपापला ग्रब आणतात. आता मेनू कुणाचा? ग्रब दुसऱ्या सिस्टिम शोधतो तो ओएस-प्रोबर नावाच्या मदतनिसाकडून. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, हा मदतनीस सुरक्षेच्या कारणाने मुळात बंद ठेवलेला आहे. काही डिस्ट्रो त्याला स्वतःहून चालू करतात, काही करत नाहीत. मेनूत विंडोज दिसत नसेल तर ग्रबच्या डिफॉल्ट फाइलीत तो चालू करून मेनू पुन्हा बनवायचा, एवढंच. पण दोन लिनक्स असतील तर ओएस-प्रोबर मला पटत नाही. तो फेडोराचे त्या दिवशी असलेले कर्नल मिंटच्या मेनूत लिहून ठेवतो. फेडोरात नवा कर्नल आला, जुना निघून गेला, तरी मिंटच्या मेनूत जुनीच नावं. त्यावर एंटर मारलं की 'फाइल सापडत नाही'. फेडोरा भराभर कर्नल बदलणारं, त्यामुळे हे महिन्याभरात होतंच. त्यापेक्षा मिंटच्या मेनूत एक चार ओळींची हाताने लिहिलेली नोंद ठेवावी, जी फेडोराच्या कर्नलला हातच लावत नाही. ईएसपीतल्या फेडोरा फोल्डरातलं शिम चालू करते, पुढचं फेडोराचं फेडोरा बघतं. हेही नको असेल तर रिफाइंड नावाचा मेनू आहे, तो दर वेळी नव्याने ईएसपी चाळतो. त्याहून साधं म्हणजे मशीन चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, जे तुमच्या कंपनीचं असेल ते दाबून फर्मवेअरचाच मेनू वापरणं. दिसायला ओबडधोबड, पण बिघडायला त्यात काही नाही. बिटलॉकर असलेल्या काही मशीनवर ग्रबमधून विंडोज उघडलं की दर वेळी ४८ अंक मागितले जातात, तिथे तर हाच मार्ग.

सामायिक विहिरीत बाहेरून कुणी काही टाकलं तर काय होतं याचा धडा ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाला. त्या महिन्याच्या विंडोज अपडेटने फर्मवेअरमध्ये एसबॅट नावाची यादी अद्ययावत केली. जुने, कच्चे दुवे असलेले शिम या यादीनुसार अडवले जातात. दुहेरी बूट असलेल्या मशीनवर ही यादी लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं, पण काही मशीनवर लिनक्स आहे हे अपडेटला ओळखताच आलं नाही. लिनक्स उघडायला जावं तर 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' एवढी ओळ आणि मशीन बंद. उपाय होता सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करणं, लिनक्समध्ये जाऊन मोकयूटिल कमांडने एसबॅटचं धोरण पुसणं, रीस्टार्ट करणं, पुन्हा एकदा लिनक्स उघडून मगच सिक्युअर बूट चालू करणं. ज्यांनी बिटलॉकरची की लिहून ठेवली नव्हती त्यांना सिक्युअर बूट बंद करताच दुसरा धक्का बसला.

घड्याळाची गोष्ट त्या मानाने किरकोळ, पण भारतात ती लगेच ओळखू येते. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं. मिंटमधून विंडोजमध्ये आलात आणि घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी गेलेली नाही, शेजाऱ्याने हात लावलाय. लिनक्स एकच असेल तर त्यालाच टाइमडेटसीटीएल कमांडने स्थानिक वेळ पाळायला सांगणं सोपं. लिनक्स तशी ताकीद देतं की उन्हाळी वेळेच्या बदलात घोळ होईल. पुण्या-नागपुरात घड्याळ वर्षातून दोनदा सरकत नाही, तेव्हा ती ताकीद सोडून द्यावी. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसून हे वाचणाऱ्याने मात्र उलट करावं, विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही किंमत १ करून त्यालाच जागतिक वेळ शिकवावी. दोन लिनक्स असतील तर इकडेही हाच मार्ग बरा, एका ठिकाणी बदललं की झालं.

ब्लूटूथचा हेडफोन एका सिस्टिममध्ये जोडला की दुसरीत तुटतो. हेडफोनला दिसतो तो एकच पत्ता, कारण रेडिओ तोच. दुसऱ्या सिस्टिममधून जोडताना नवी किल्ली ठरते आणि हेडफोन जुनी विसरतो. विंडोजमधून ती किल्ली काढून लिनक्सच्या ब्लूटूथ फोल्डरात उतरवता येते, पण माऊस-कीबोर्ड असेल तरच एवढी खटपट करावी.

राहिला डेटा. विंडोजला मिंटची फाइली ठेवण्याची पद्धत, एक्स्ट४, कळत नाही आणि फेडोराचं बीटीआरएफएसही कळत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ही पार्टिशनं निनावी दिसतात, अक्षर नाही, आणि उजवी क्लिक केली तर एकच पर्याय उजळलेला असतो, 'डिलीट व्हॉल्यूम'. घरात आणखी कुणी तो लॅपटॉप वापरत असेल तर एवढं सांगून ठेवा. सामायिक पार्टिशन एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचं, ठेवावं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ कर्नलपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच त्याचा लिहू-वाचू शकणारा ड्रायव्हर आहे. एक्सफॅट दोघांनाही चालतं, पण त्याला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नाही. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर भर लिहिताना वीज गेली तर फोल्डरच्या फोल्डर हरवू शकतं, आणि आपल्याकडे वीज विचारून जात नाही.

हायबरनेशन बंद ठेवायला सांगितलं ते याचसाठी. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज स्वतःचा कर्नल झोपवून डिस्कवर ठेवतं आणि एनटीएफएस अर्धवट उघडी सोडतं. लिनक्स अशा ड्राइव्हला हात लावायला नकार देतं किंवा फक्त वाचू देतं, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या अवस्थेत काही लिहिलं तर विंडोज जागं झाल्यावर जुन्या नकाशाने त्यावर पुन्हा लिहील. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दिलं की फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन दोन्ही जातात, शिवाय काही जीबीची फाइल सुटते. आणि लिनक्सच्या एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या ड्राइव्हच्या यादीत) या पार्टिशनच्या ओळीला 'नोफेल' जोडा. नाहीतर एखाद्या दिवशी ड्राइव्ह जोडली गेली नाही म्हणून अख्खं लिनक्सच इमर्जन्सी मोडमध्ये उभं राहतं.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे. एनटीएफएसवर नाव २५५ अक्षरांपर्यंत चालतं. एक्स्ट४ वर मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि पाय मोडण्याचा हलन्तसुद्धा, तीन बाइट खातं. 'ग्रामपंचायत' या शब्दात अशी ११ चिन्हं आहेत, म्हणजे ३३ बाइट. ८५ चिन्हांच्या पुढे गेलेलं नाव विंडोजमध्ये सुखाने नांदतं, आणि मिंटच्या होममध्ये (स्वतःच्या फाइलींच्या फोल्डरात) कॉपी करताना 'नाव फार लांब' म्हणून अडतं. 'ग्रामपंचायत वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त' अशी नावं देणाऱ्या माणसाला तिथे पोचायला वेळ लागत नाही. होम मात्र दोन लिनक्समध्ये सामायिक करू नये. एकाच प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या एकाच सेटिंग-फाइलीत लिहायला लागतात आणि नवीने लिहिलेलं जुनीला कळत नाही.

छापखान्यांत अजूनही अशी मागणी येते की पेजमेकर आणि श्री-लिपीसाठी विंडोज ७ किंवा एक्सपी शेजारी बसवून द्या, जुन्या फॉन्टातल्या फाइली उघडायच्या आहेत. नव्या मशीनवर हा हट्ट धरू नये. विंडोज ७ च्या मूळ इन्स्टॉलरला एनव्हीएमई डिस्क दिसत नाही, यूएसबी ३ चे ड्रायव्हर नसल्याने कीबोर्ड-माऊस मेलेले असतात, आणि एक्सपीला जीपीटीवरून बूटच होता येत नाही. असं जुनं विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवावं, सॉफ्टवेअरच्या परवान्याचा डोंगल यूएसबीवाला असेल तर तो आत जोडून देता येतो, आणि इंटरनेट तोडून टाकावं.

शेवटी एखाद्याला घराबाहेर काढायची वेळ येते. तेव्हा आधी पार्टिशन उडवू नका. मिंटचं पार्टिशन गेलं आणि ईएसपीतला त्याचा ग्रब राहिला, तर ती तीन ओळींची फाइल नसलेलं पार्टिशन शोधत राहते आणि तुमच्यासमोर फक्त 'ग्रब' आणि एक लुकलुकती खूण उरते. तिथे 'एक्झिट' टाइप करून एंटर मारलं की फर्मवेअर यादीतल्या पुढच्या सिस्टिमकडे जातं, बहुधा विंडोजकडे. पण बरा क्रम असा: बूटच्या यादीत राहणाऱ्या सिस्टिमला पहिलं करा, मग ईएसपीतलं जाणाऱ्याचं फोल्डर काढा, मग पार्टिशन. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला जोडायची असेल तर ती तिच्या उजवीकडे लगत असावी लागते. मध्ये दुसरं कुणी असेल तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' राखाडीच राहतं, आणि मधल्याला सरकवायचं म्हणजे त्याचा सगळा डेटा बाइट-बाइट करून हलवणं, तासन्‌तास, चार्जर लावून. म्हणून अगदी पहिल्या दिवशी वाटणी करताना जो आधी जाईल असं वाटतं त्याला सीच्या बांधाला लागून जागा द्यावी. आपल्या नमुन्यात तो फेडोरा, मिंट त्याच्या पलीकडे.